मेकॅनिकलवाल्याने मस्क्युलोस्केलेटल मॉडेलिंगकडे वळावं का? आणि नाशकात बसून सुरुवात तरी कशी करायची

अंबडकर_मेक

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, सिडकोत राहतो, अंबडला एका व्हेंडर कंपनीत फिक्स्चर डिझाइन आणि अधूनमधून थोडं एफइए (पार्टवर ताण किती येतो याचा कॉम्प्युटरवरचा हिशोब) करतो. काम वाईट नाहीये पण त्याच ब्रॅकेटला त्याच कोपऱ्यात स्ट्रेस किती हे बघायचं, रिपोर्ट मारायचा, परत तेच, डोकं गंजायला लागलंय. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पळायला जातो, तिथे गुडघ्याची तक्रार नसलेला माणूस भेटत नाही आणि सल्ला न देणारा तर त्याहून नाही. तर पळताना गुडघ्यावर नेमका किती लोड येतो हे शोधता शोधता ओपनसिम या शरीराच्या हालचालीचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचलो. फुकट आहे म्हणून उतरवलं, त्यातलं गेट२३९२ मॉडेल (हे गेट म्हणजे चाल) चालवून बघितलं, २३ डिग्री ऑफ फ्रीडम म्हणजे स्वतंत्र हालचाली आणि ९२ मसल ॲक्चुएटर, सांगाडा स्क्रीनवर चालायला लागला आणि पोटरीचे स्नायू निळ्याचे लाल व्हायला लागले, तेव्हापासून ऑफिसच्या ब्रॅकेटकडे बघवत नाही.

आता प्रश्न असा की या मस्क्युलोस्केलेटल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे हाडं-स्नायूंची कॉम्प्युटर मॉडेलं बनवण्यात, रिसर्चर म्हणून खरंच करिअर असतं का? का हे पाचपन्नास प्रोफेसर लोकांचं आपापसातलं विश्व आहे? ॲनाटॉमी मला शून्य येते, नाशकात मोकॅप (हालचाल टिपायची) लॅब माझ्या माहितीत तरी नाही, वय २६, गेटची परीक्षा एकदा दिलीये पण स्कोअर सांगण्यासारखा नाही. घरी विषय काढला तर बाबा म्हणाले हाडं-स्नायूच शिकायचे होते तर तेव्हाच डॉक्टर व्हायला काय झालं होतं. यावर उत्तर असेल तर ते पण द्या.

गोदाकाठचा

बाबांना सांग की डॉक्टर झाला असतास तर हाडांचं डायनॅमिक्स सोडवायला तुला परत मेकॅनिकलवालाच शोधावा लागला असता. पटणार नाही त्यांना, पण सांग.

मी मूळचा पंचवटीतला, बीई नाशिकलाच, मग एमटेक, मग याच विषयात पीएचडी, सध्या युरोपात पोस्टडॉक. करिअरचं नंतर बोलू, आधी हे फील्ड नक्की काय आहे ते ऐक कारण यूट्यूबवर जे दिसतं ते सगळं सांगाडा चालवण्याचं असतं आणि तो यातला सगळ्यात सोपा भाग आहे, चारसहा महिन्यांत कुणालाही येतो. पुढची वर्षं सगळी एकाच गोष्टीत जातात, आलेला आकडा खरा मानायचा का आणि कशाच्या जोरावर.

म्हणजे बघ. अंगावर मार्कर लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपली, फोर्स प्लेटवर जमिनीची रिॲक्शन मोजली, त्यावरून इन्व्हर्स कायनेमॅटिक्सने सांध्यांचे कोन आणि इन्व्हर्स डायनॅमिक्सने सांध्यांवरचे मोमेंट, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, काढले. इथपर्यंत तुझंच थिअरी ऑफ मशिन्स आहे. पण गुडघ्यावरचा तो एक मोमेंट मांडीच्या पुढच्या स्नायूंनी किती दिला, मागच्यांनी किती उलटा ओढला, पोटरीचा वाटा किती, हे समीकरणांतून ठरतच नाही. अज्ञात जास्त, समीकरणं कमी, उत्तरं अनंत. मग आपण धरून चालतो की शरीर काटकसरी आहे, सगळ्या स्नायूंच्या ॲक्टिवेशनच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशीच वाटणी करतं. स्टॅटिक ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हेच. आता शरीराने असं कुठे लिहून दिलंय? ज्याचा गुडघा दुखतोय तो दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळून चालतो, त्याला काटकसर नको असते, त्याला गुडघा हलायला नको असतो. त्याच्यावर हेच गृहीतक लावलं की सांध्यावरचा लोड खऱ्यापेक्षा कमी येतो आणि ग्राफ मात्र एकदम गुळगुळीत, पेपरमध्ये छापण्यासारखा.

स्नायूंचे आकडे कुठून येतात ते पण एकदा शोधून वाच. मसल मॉडेल हिल-टाइप, म्हणजे ए. व्ही. हिल यांच्या १९३८ च्या बेडकाच्या स्नायूवरच्या कामाचा वारसा. आणि फायबरची लांबी, पिनेशनचा कोन (स्नायूचे तंतू किती तिरके बसलेत) हे सगळं देहदान केलेल्या शरीरांवरून. २००९ चा वॉर्ड वगैरेंचा पेपर आहे, २१ शवं, सरासरी वय ८३, त्यातले आकडे पुढच्या कितीतरी मॉडेलांत गेले. २०१६ च्या राजगोपाल मॉडेलमध्ये त्याला २४ तरुण निरोगी लोकांच्या एमआरआयची जोड दिली म्हणून ते जास्त वापरलं जातं. तुझ्या गोल्फ क्लबच्या रनरवर तू यातलं काहीही स्केल करून बसवतोस तेव्हा त्याची उंची आणि वजन त्याचं असतं, बाकी बरंच उसनं.

मग खरा आकडा कुणाकडे आहे? फार थोड्यांकडे. बर्लिनच्या शारिटेमध्ये बर्गमन यांच्या टीमने कृत्रिम खुब्यातच सेन्सर घालून मोजलं, २००१ च्या त्यांच्या पेपरात साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २.४ पट लोड आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १४० किलोच्या आसपास, नुसतं चालताना. हा डेटा ऑर्थोलोड या साइटवर सगळ्यांना खुला आहे. गुडघ्यासाठी तर ग्रँड चॅलेंज म्हणून स्पर्धाच असायची, सेन्सरवाल्या गुडघ्याचे खरे आकडे झाकून ठेवायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या मॉडेलने अंदाज पाठवायचा. ते पेपर नक्की वाच, मोठमोठ्या लॅबचे अंदाज कसे हुकलेत ते त्यांनीच छापलंय, मला या फील्डबद्दल आदर वाटायला लागला तो तिथून.

लॅब नाही याचं आत्ता टेन्शन घेऊ नको. फुकुची वगैरेंनी २०१८ मध्ये ४२ निरोगी लोकांचा चालण्याचा डेटा मार्कर आणि फोर्ससकट खुला केलाय. त्यातली दोनतीन माणसं घे आणि पूर्ण पाइपलाइन स्वतः लाव, स्केलिंगपासून. बटणं दाबून नको, पायथनमधून. मार्कर एररचा आरएमएस २ सेंटिमीटरच्या आत येतोय का, कमरेवरचे रेसिड्युअल फोर्स (हिशोब जुळावा म्हणून मॉडेलला वरून लावावा लागणारा जोर) जमिनीच्या रिॲक्शनच्या ५ टक्क्यांच्या आत आहेत का, हे तपास. हे निकष कुठून आले आणि कधी पुरे पडत नाहीत ते हिक्स यांच्या २०१५ च्या पेपरात आहे. आणि ॲनाटॉमी, पायातले स्नायू कुठून निघतात, कुठे चिकटतात, कुठला दोन सांधे ओलांडतो, एवढं येत्या दोनचार महिन्यांत पाठ कर. जे लागेल ते लागेल तसं शिकता येतं, पण मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस खुबा आणि गुडघा दोन्हींवरून जातो हे माहीत नसेल तर ग्राफ बघून काहीच कळत नाही.

एक्स_सीएई_पुणे

मी थोडं थंड पाणी टाकतो. 'मस्क्युलोस्केलेटल मॉडेलर' नावाची पोस्ट भारतात शोधायला जाल तर हात रिकामे. इम्प्लांट कंपन्या, प्रोस्थेटिक्स, एक्सोस्केलेटन, स्पोर्ट्स शूज, अशा ठिकाणी काम असतं पण ते लोक घेतात मल्टिबॉडी येणारा, सी++ नीट लिहिणारा, ऑप्टिमायझेशन समजणारा म्हणून, बायोमेकॅनिक्स हे वरचं. रिसर्चमध्ये राहायचं तर पीएचडी, मग एक पोस्टडॉक, मग दुसरा, मग जागा निघायची वाट बघणं. माझा एक बॅचमेट त्यातून परत ऑटोमोटिव्हला आला आणि मजेत आहे. ईएमआय चालू असेल तर नीट विचार करा. स्किल वाया जात नाही एवढं मात्र खरं, रोबॉटिक्सवाले हल्ली मुजोको या सिम्युलेटरमध्ये स्नायूंची मॉडेलं चालवतात, २०२२ पासून ते पण ओपन सोर्स आहे.

कॉलेजरोड_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट, सतरा-अठरा वर्षं नाशकातच प्रॅक्टिस. एक प्रामाणिक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्या मॉडेलने मला सांगितलं की आजींच्या व्हास्टसमध्ये (मांडीच्या पुढच्या स्नायूत) इतके न्यूटन फोर्स आहे, तर मी उद्या सकाळी त्याचं काय करू? कॉन्फरन्सला रंगीत सांगाडे बघून बघून मला आता त्याची ॲलर्जी झालीये.

आणि माझ्या पेशंटचा पहिला प्रश्न लोडचा नसतोच. 'मांडी घालता येईल का, खाली बसता येईल का, शेतात उकिडवं बसून निंदणी जमेल का', हे विचारतात. तुमच्या त्या मॉडेलचा गुडघा किती वाकतो ते एकदा बघा आणि मग सांगा.

तरी एका ठिकाणी मला हे पटलंय तेही लिहिते. सेरेब्रल पाल्सीची मुलं गुडघे वाकवून चालतात, क्राउच गेट म्हणतो आम्ही. वर्षानुवर्षं समज असा की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचे मागचे स्नायू, आखडलेत, ऑपरेशन करून लांबवा. मॉडेलमधून चालतानाची लांबी काढली तेव्हा दिसलं की यातल्या बऱ्याच मुलांचे हॅमस्ट्रिंग चालताना आखूड नसतातच, आणि ज्याचे आखूड नाहीत त्याचे लांबवून काय मिळणार, उलट कंबर पुढे झुकायची. हे टेबलावर झोपवून पाय उचलून कळत नाही. ओपनसिम ज्यांच्या ग्रुपमधून आलं त्या स्कॉट डेल्प यांचं सुरुवातीचं बरंच काम असल्याच प्रश्नांवरचं आहे असं एका सरांनी आम्हाला शिकवलं होतं. तर असा प्रश्न घेऊन या, दार उघडं आहे. नुसतं सॉफ्टवेअर घेऊन येऊ नका.

गोदाकाठचा

ताई, राग कसला, हा प्रश्न रिव्ह्यूअर विचारत नाहीत म्हणून तर तसले पेपर निघतात.

गुडघ्याचं अगदी बरोबर. गेट२३९२ मध्ये गुडघा १२० अंशांपर्यंतच वाकतो, राजगोपाल मॉडेलमध्ये पण तेवढाच. २०१७ मध्ये लाय, अर्नल्ड आणि वेकलिंग यांनी ते १४० पर्यंत नेलं. आपण उकिडवं बसतो तेव्हा बहुतेकांचा गुडघा त्याच्याही पुढे जातो, मांडीचा मागचा भाग पोटरीला टेकतो आणि त्या टेकण्यातून पण लोड जातो, तो नेहमीच्या मॉडेलमध्ये धरलेलाच नसतो. ज्यांनी मॉडेल बनवली ते लोक खुर्चीवर बसणारे, त्यांना चालणं, पळणं, जिना एवढ्याने भागलं. म्हणजे आपल्या अर्ध्या आयुष्याची हालचाल मॉडेलच्या रेंजबाहेर आहे, आणि अंबडकर, पीएचडीचे विषय असल्याच जागी सापडतात हे लिहून ठेव.

सकाळी काय करू याचं एक उत्तर: डेल्प यांच्या ग्रुपमधून निघालेल्या लोकांची २०२५ ची एक ट्रायल लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजीत आली. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेले ६८ जण, प्रत्येकाला चालताना पाऊल किती अंश आत किंवा बाहेर वळवायचं हे त्याच्या स्वतःच्या मोजमापावरून ठरवून दिलं, वर्षभराने दुखणं कमी. सगळ्यांना एकच कोन दिला असता तर काहींचा लोड वाढला असता. इथे आकडा थेट पेशंटच्या पावलापर्यंत पोचला.

पैशाचं आणि जागेचं: भारतात पीएचडी करताना जेआरएफ फेलोशिप महिना ३७,०००, पंतप्रधान फेलोशिप म्हणजे पीएमआरएफ मिळाली तर सुरुवातीलाच ७०,०००. गेटला मेकॅनिकलने पण चालतं, २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर पण आहे. आयआयटी मद्रासला सुजाता श्रीनिवासन यांचं आर२डी२ हे अपंगांसाठी उपकरणं बनवणारं सेंटर आहे, तिथली माणसं मॉडेलवर थांबत नाहीत, उभं राहता येणारी व्हीलचेअर बाजारात आणून दाखवली. आयआयटी बॉम्बे, दिल्ली इथे पण बायोमेडिकलवाले आहेत, विषय त्या त्या गाइडचा बघायचा. बाहेर म्हणशील तर बेल्जियमचं ल्यूव्हेन, नेदरलँड्सचं डेल्फ्ट, ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ. बेल्जियम-हॉलंडकडे पीएचडी म्हणजे सहसा पगारी नोकरीच, फी भरायची नसते. पुणेकरांनी सांगितलं ते खरं आहे, पर्मनंट जागा मिळेपर्यंत चटई गुंडाळून या देशातून त्या देशात. माझंही तेच चाललंय. लग्न ठरवताना 'काँट्रॅक्ट किती वर्षांचं' हा प्रश्न आला की मी विषय बदलतो.

निफाडकर_द्राक्षवाला

मी ह्यातला काहीच नाही, बागायतदार माणूस, पोरगं इंजिनिअरिंगला म्हणून ही चर्चा वाचत बसलो. पण उकिडवं बसायचं निघालं म्हणून लिहितो, आमच्याकडं उलटं आहे भो, दिवसभर हात डोक्याच्या वर. छाटणी असू द्या, डिपिंग असू द्या, थिनिंग असू द्या, मांडवाखाली उभं राहून मान वर आणि हात वर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. टोळीतल्या बाया-माणसं संध्याकाळी खांदा धरून बसतात, बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी परत. कुणी म्हणतं मांडव खाली घ्या, कुणी म्हणतं वाय पद्धत करा, कुणी लांब दांड्याची कात्री विकायला येतं. ह्यात कशाने खांद्याला खरंच फरक पडतो हे तुमचं ते मॉडेल सांगू शकतं का? सांगत असेल तर मी बाग देतो, वर चहा-नाश्ता.

गोदाकाठचा

काका, सबंध थ्रेडमधला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

कागदावर करून दाखवतो. ६० किलोच्या माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ३ किलो. हात आडवा धरला तर त्याचं वजन खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर लागतं, आणि खांद्यावरच्या डेल्टॉइडला उचलायला मिळणारं अंतर जेमतेम ३ सेंटिमीटर. म्हणजे नुसता रिकामा हात धरून ठेवायला स्नायूला सुमारे ३० किलोची ओढ लावावी लागते, कात्री अजून हातात घेतलेलीच नाही. कोपर वाकवून अंगाजवळ आणला की ते ३० सेंटिमीटर झटकन कमी होतं. त्यामुळे मांडवाच्या उंचीने फरक पडतो हे तर यातच दिसतं, लांब दांड्याचं मात्र असं तोंडावर सांगता येणार नाही, हात खाली येतो पण वजन लांब जातं. ते मोजूनच बघावं लागेल.

अंबडकर, सांभाळून ऐक, खांदा हा गुडघ्यापेक्षा बराच वाईट आहे. पाठीवरचं खांद्याचं पातं फासळ्यांवरून सरकतं, आणि वरची कातडी त्याच्याबरोबर सरकत नाही, म्हणून कातडीवर लावलेला मार्कर खोटं बोलतो. डेल्फ्टचे अजय सेठ, ओपनसिमच्या मुख्य डेव्हलपरपैकी एक, त्यांचं २०१६ चं मॉडेल आहे, त्यात पात्याला फासळ्यांच्या गोलाईवर नीट बसवलंय, तिथून सुरू कर. आणि 'या बाईच्या खांद्यावर इतके न्यूटन' असं म्हणायच्या भानगडीत पडू नको, काकांना ते नकोच आहे. तोच माणूस, तेच मॉडेल, दोन उंच्या किंवा दोन कात्र्या, फरक कुणीकडे जातो तेवढं बघ. सुटा आकडा चुकीचा असला तरी फरकाची दिशा बऱ्याचदा टिकते. टिकते का हे पण तपासायचं, मॉडेलमधली स्नायूंची ताकद २०-२५ टक्के वर-खाली करून परत चालवायचं, निष्कर्ष उलटला तर गप्प बसायचं.

अंबडकर_मेक

दादा, ताई, काका, सगळ्यांना धन्यवाद. पुणेकर, ईएमआय फक्त बाइकचा आहे, तो झेपतो.

मी तूर्त नोकरी सोडत नाही. फुकुचीचा डेटा उतरवलाय, पायथन ऑफिसच्या स्क्रिप्टपुरतं येतं, ते वाढवतो, फेब्रुवारीत गेट परत देतो, आणि खांद्याचं काकांचं काम साइडला. मोकॅप नाही म्हणून ओपनकॅप या व्हिडिओवरून हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचं वाचलं, दोन आयफोनवर चालतं म्हणतात. ते चालेल का इथे? आणि ताई, बागेतल्या लोकांचे व्हिडिओ घ्यायचे तर काही परवानगी लागेल का, का काकांचा होकार पुरे?

कॉलेजरोड_फिजिओ

काकांचा होकार बागेसाठी. माणसांसाठी वेगळा. रिसर्च म्हणून करणार आणि पुढे छापणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागते, नंतर मागून मिळत नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. तुम्ही एकटे इंजिनिअर म्हणून कमिटीपुढे उभेच राहू शकणार नाही, एखाद्या फिजिओ किंवा मेडिकल कॉलेजमधला गाइड बरोबर घ्या, आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे, संलग्न कॉलेजं कमी नाहीत. संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवायचं, आणि मुकादम समोर उभा असताना सही घ्यायची नाही, कारण तेव्हा कुणी नाही म्हणत नाही. एखादी पीजीची विद्यार्थिनी थिसिसला विषय शोधत असते दरवर्षी, मी विचारून बघते.

गोदाकाठचा

ओपनकॅप चालेल पण मांडवाखाली नाही. ते व्हिडिओतून सांधे ओळखतं आणि तिथे हात पानांत गेलेला असणार, कॅमेऱ्याला मनगटच दिसणार नाही, शिवाय उन्हाचे कवडसे. पात्याची हालचाल तर त्यातून येणारच नाही, ती मॉडेलने अंदाजाने भरायची. आधी अंगणात मांडवाच्या उंचीवर आडवा बांबू बांध, त्याला सुतळ्या लोंबकळव, मोकळ्या जागेत छाटणीची ॲक्शन करून घे, नंतर खरी बाग. दोन्हीकडे कात्री तीच आणि माणूस तोच.

निफाडकर_द्राक्षवाला

बांबू, सुतळी, कात्री सगळं आहे. गोडी छाटणी ऑक्टोबरात धरतो, पाऊस लांबला की पुढं सरकते, म्हणून तारीख आत्ता देत नाही. दोन आयफोन मात्र गावात एका जागी मिळायचे नाहीत, ते नाशकातून घेऊन या.

गोदाकाठचा

आयपॅड पण चालतो. एक फोन, एक आयपॅड, दोन ट्रायपॉड, आणि कॅलिब्रेशनचा चेकरबोर्ड छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवून न्या, नुसता कागद वाऱ्याने वाकतो.